नबो डोंगरावरून दिसलेला देश

ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिन्ही धर्मपरंपरांत सारख्याच आदराने ज्यांचे नाव घेतले जाते अशा मोजक्या पुरुषांत मोशेची गणना होते. मराठी बायबलमध्ये तो मोशे आहे, गोव्यातील कोकणी ख्रिस्ती घरांत मोयझेस आहे आणि कुराणात मूसा आहे. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्रायल समाजाचा तर तो कुळाचा आद्य शास्ताच होय. गुलामगिरीत पिचलेल्या एका जनसमूहाला त्याने परक्या देशातून बाहेर काढले, चाळीस वर्षे वाळवंटातून चालवले आणि मायभूमीच्या सीमेपर्यंत आणून सोडले. स्वतः मात्र त्याने त्या भूमीवर पाऊल ठेवले नाही.

मोशेविषयी जे काही सांगितले जाते, ते प्रामुख्याने हिब्रू धर्मग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांतून आलेले आहे. या पाच पुस्तकांना ज्यू लोक तोरा म्हणतात. इजिप्तच्या लेखांत त्याचे नाव सापडलेले नाही आणि सीनायच्या वाळवंटात एवढ्या मोठ्या स्थलांतराच्या खुणाही उत्खननात मिळालेल्या नाहीत. इस्रायल या नावाचा सर्वांत जुना उल्लेख फारो मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात येतो आणि तो इसवी सनापूर्वी सुमारे १२०८ या वर्षातला मानला जातो. त्यावरून अनेक अभ्यासक मोशेची कथा त्याच्या आधीच्या, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या काळात ठेवतात. इतिहासाने त्याच्या चरित्रावर आपली मोहोर उमटवलेली नसली, तरी नेतृत्व म्हणजे काय आणि त्याची किंमत कोणती, याचा इतका सविस्तर आलेख प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळतो.

कथेचा प्रारंभ दुष्काळाने होतो. कनान देशात अन्न उरले नाही म्हणून याकोबाचे कुटुंब नाईलच्या खोऱ्यात गोशेन प्रांतात येऊन राहिले. काही पिढ्यांत त्यांची संख्या वाढली आणि नव्या फारोला या परक्यांची धास्ती वाटू लागली. त्याने त्यांना वेठीला धरले. पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरे त्यांच्याकडून बांधून घेतली. चिखल तुडवणे, विटा पाडणे आणि मुकादमाचे फटके सोसणे हेच त्यांचे जगणे झाले. एवढ्यानेही संख्या घटेना, तेव्हा इब्री स्त्रियांच्या पोटी जन्मणारा प्रत्येक मुलगा मारावा, असा हुकूम सुटला. शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींनी तो हुकूम पाळला नाही. मोशेच्या जन्माआधीच घडलेला हा नकार त्या कथेतील पहिला प्रतिकार होय.

लेवी वंशातील अम्राम आणि योखबेद या दांपत्याच्या घरी मोशे जन्मला. त्याच्या आधी मिर्याम ही मुलगी आणि अहरोन हा मुलगा होता. आईने तीन महिने बाळाला लपवून ठेवले. पुढे ते अशक्य झाल्यावर तिने लव्हाळ्याच्या पेटीला डांबर लावले, बाळाला तीत निजवले आणि पेटी नदीकाठच्या वेतात ठेवली. फारोच्या मुलीला ती दिसली आणि तिला बाळाची दया आली. दूर उभी राहून पाहणाऱ्या मिर्यामने पुढे होऊन दाई आणून देण्याची तयारी दाखवली आणि आपल्याच आईला बोलावून आणले. अशा रीतीने ज्या राजाने त्याच्या मरणाचा हुकूम काढला, त्याच राजाच्या वाड्यात तो वाढला. दूध आईचे आणि शिक्षण राजवाड्याचे, असे हे बालपण होते.

तरुणपणी तो आपल्या लोकांचे कष्ट पाहायला बाहेर पडला. एक इजिप्ती माणूस एका इब्री मजुराला मारत असल्याचे पाहून त्याने त्या इजिप्ती माणसाला ठार केले आणि प्रेत वाळूत पुरले. दुसऱ्या दिवशी दोन इब्री आपसांत भांडत होते. त्यांना आवरायला गेल्यावर त्यांच्यापैकी एकाने त्याला त्याचा न्यायाधीशपणाचा अधिकार विचारला आणि कालच्या हत्येची आठवण करून दिली. ज्यांच्यासाठी त्याने हात उचलला होता, त्यांनीच त्याला नाकारले. त्याला देश सोडून पळावे लागले.

मिद्यान देशातील एका विहिरीवर त्याचा पुढचा मुक्काम पडला. तेथे इथ्रो नावाच्या याजकाच्या मुलींना मेंढपाळ हुसकावून लावत होते. मोशेने त्यांची बाजू घेतली आणि त्यांच्या मेंढरांना पाणी पाजले. इथ्रोची मुलगी सिप्पोरा हिच्याशी त्याचा विवाह झाला. पहिल्या मुलाचे नाव त्याने गेर्षोम ठेवले आणि त्या नावात परदेशात राहणाऱ्या उपऱ्याचा अर्थ गुंफला. परंपरेनुसार त्याचे आयुष्य चाळीस चाळीस वर्षांच्या तीन भागांत विभागले जाते. पहिली चाळीस वर्षे राजवाड्यात गेली आणि दुसरी चाळीस सासऱ्याची मेंढरे राखण्यात. पाणी कोठे लागते, कळप किती चालतो, कोवळी पिले मागे पडली तर काय करावे, हे त्याला वाळवंटाने शिकवले. पुढे ते ज्ञान राजवाड्यातील विद्येहून अधिक उपयोगी पडले.

होरेब डोंगरावर जळत असूनही भस्म न होणारे झुडूप त्याला दिसले आणि तेथे त्याला परत जाण्याची आज्ञा झाली. ग्रंथकाराने या प्रसंगी त्याला वीराच्या थाटात उभे केलेले नाही. आपली योग्यता नाही, लोक विश्वास ठेवणार नाहीत, आपली जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला पाठवावे, अशा सबबी तो एकामागून एक सांगत राहतो. अखेर बोलण्याचे काम भाऊ अहरोन करील असे ठरते. फारोसमोर ते दोघे उभे राहिले, तेव्हा मोशेचे वय ८० आणि अहरोनचे ८३ होते, असे ग्रंथ सांगतो.

पहिल्या भेटीचा परिणाम उलटाच झाला. फारोने विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली. मजुरांचे दुःख दुणावले आणि त्यांनी सारा दोष मोशेच्या माथी मारला. त्यानंतर इजिप्तवर एकामागून एक दहा संकटे कोसळल्याची कथा येते. नाईलचे पाणी रक्तासारखे झाले, बेडूक, चिलटे आणि गोमाश्या उठल्या, जनावरे मेली, माणसांच्या अंगावर फोड आले, गारा पडल्या, टोळधाड आली आणि तीन दिवस अंधार दाटला. शेवटच्या रात्री प्रत्येक इजिप्ती घरातील पहिला मुलगा दगावला. इब्री घरांच्या चौकटींना कोकराचे रक्त लावलेले होते आणि मृत्यू ती घरे ओलांडून गेला. या ओलांडण्यावरून त्या रात्रीच्या सणाला मराठी बायबलने वल्हांडण हे नाव दिले. कणीक फुगायलाही अवसर मिळाला नाही, म्हणून त्या सणात बेखमीर भाकरी खातात.

बाहेर पडलेल्या पुरुषांची संख्या ग्रंथात सुमारे सहा लाख दिली आहे. हा आकडा शब्दशः घेता येत नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हजार या अर्थाच्या हिब्रू शब्दाचा दुसरा अर्थ कूळ किंवा तुकडी असाही होऊ शकतो. संख्या कितीही असली, तरी ते सैन्य नव्हते. त्यात म्हातारे, बायका, तान्ही मुले, गुरेढोरे आणि इतर जातींचे मिश्र लोकही होते. कनानला जाणारा जवळचा रस्ता समुद्रकाठाने पलिष्ट्यांच्या मुलखातून जात होता. तो टाळण्यात आला. युद्ध समोर दिसताच हे लोक माघारी फिरतील, हे त्यामागचे कारण ग्रंथात स्पष्टपणे नोंदले आहे. पिढ्यान्‌पिढ्या वेठ केलेल्या माणसांच्या मनाचा अंदाज घेऊन वाट निवडली गेली आणि ती लांबची होती.

मागून फारोचे ६०० निवडक रथ आले आणि पुढे समुद्र आडवा होता. त्याला तांबडा समुद्र म्हणण्याची रूढी असली, तरी मूळ हिब्रू नावाचा अर्थ लव्हाळ्यांचा समुद्र असा आहे. रात्रभर पूर्वेचा जोरदार वारा सुटला, पाणी मागे हटले आणि लोक कोरड्या जमिनीवरून पलीकडे गेले. पाठलाग करणारे रथ परतलेल्या पाण्यात बुडाले. पैलतीरावर मिर्यामने डफ हाती घेतला आणि स्त्रिया तिच्यामागे नाचत निघाल्या.

हा आनंद तीन दिवस टिकला. मारा येथे पाणी सापडले, पण ते कडू होते. एलीम येथे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडे मिळाली, पण पुढे पुन्हा वाळवंट. भूक लागताच लोकांना इजिप्तमधील मांसाची भांडी आठवू लागली. पुढे काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण यांचीही आठवण निघाली. फटक्यांची आठवण कोणी काढली नाही. त्यांना सकाळी दवाबरोबर पडणारा मान्ना खायला मिळाला. प्रत्येकाने त्या दिवसापुरताच गोळा करावा, असा दंडक होता. अधिक साठवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायचा, कारण सातवा दिवस विश्रांतीचा होता. सुट्टीचा दिवस कधीच न पाहिलेल्या गुलामांना आठवड्यातून एक दिवस हक्काने थांबायला शिकवणे, ही या प्रवासातील फार मोठी क्रांती होती. कोकणातील बेने इस्रायल घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावोगावी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्या नावामागे हा वाळवंटातला सातवा दिवस उभा आहे.

सासरा इथ्रो भेटीला आला, तेव्हा त्याने एक दृश्य पाहिले. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसला होता आणि लोक रांग लावून उभे होते. अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील, असा इशारा इथ्रोने दिला. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू, लाच न घेणारी माणसे नेमावीत आणि अवघड तंटेच तेवढे वर यावेत, अशी व्यवस्था त्याने सुचवली. मोशेने ती स्वीकारली. इथ्रो दुसऱ्या कुळाचा होता, दुसऱ्या देवस्थानाचा याजक होता. तरीही त्याचा सल्ला घेण्यात मोशेला कमीपणा वाटला नाही.

सीनाय डोंगराच्या पायथ्याशी या जमावाचा समाज झाला. दहा आज्ञा आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ दैनंदिन व्यवहाराचे नियमही आले. विधवेला आणि पोरक्याला छळू नये, गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत करावे, उपऱ्यावर जुलूम करू नये कारण तुम्हीही इजिप्तमध्ये उपरे होता, असा त्या नियमांचा आशय होता. सोसलेल्या दुःखाची आठवण येथे सूडाच्या कामी आणलेली नाही. ती कायद्याचा पाया झाली आहे.

परंतु मोशे चाळीस दिवस डोंगरावर राहिला आणि खाली लोकांचा धीर सुटला. त्यांनी अहरोनकडून सोन्याचे वासरू घडवून घेतले आणि त्याभोवती नाच सुरू केला. मोशेने खाली उतरताच दगडी पाट्या फोडल्या. त्यानंतर लेवींच्या तलवारीने सुमारे ३,००० माणसे मारली गेली, हा या चरित्रातील काळाकुट्ट भाग आहे आणि ग्रंथकाराने तो झाकलेला नाही. त्याच प्रसंगी दुसरीही गोष्ट घडली. या लोकांचा नाश करून तुझ्यापासूनच नवे राष्ट्र निर्माण करतो, असा प्रस्ताव देवाकडून आला, तेव्हा मोशेने तो नाकारला. लोकांना क्षमा होणार नसेल तर आपले नावही पुस्तकातून पुसून टाकावे, अशी विनवणी त्याने केली. ज्यांच्यावर तो संतापला होता, त्यांना वगळून मिळणारी थोरवी त्याला नको होती.

होरेबपासून कनानच्या सीमेवरील कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची, असे ग्रंथ सांगतो. तेथून प्रत्येक वंशाचा एक असे बारा हेर पुढे पाठवले गेले. चाळीस दिवसांनी ते द्राक्षांचा भला मोठा घोस काठीवर टांगून घेऊन आले. देश सुपीक आहे यावर सर्वांचे एकमत होते. मात्र तेथील नगरे तटबंदीची आहेत, माणसे धिप्पाड आहेत आणि त्यांच्यापुढे आपण टोळांसारखे दिसतो, असे दहा जणांनी सांगितले. यहोशवा आणि कालेब या दोघांनीच पुढे जावे असे म्हटले. लोकांनी त्यांना दगडमार करण्याची भाषा केली आणि इजिप्तला परत नेणारा नवा पुढारी निवडण्याचे ठरवले. या दिवशी प्रवास लांबला. चाळीस दिवसांच्या हेरगिरीची चाळीस वर्षे झाली. इजिप्तमधून बाहेर पडलेल्या प्रौढांची पिढी वाळवंटातच संपावी आणि मुलांनी देशात प्रवेश करावा, असा निर्णय झाला.

त्या वर्षांतही मोशेच्या अधिकाराला आव्हान मिळत राहिले. त्याच्या कूशी पत्नीवरून खुद्द मिर्याम आणि अहरोन यांनी कुरबुर केली. मिर्यामच्या अंगावर कोड उठले, तेव्हा मोशेनेच तिच्यासाठी याचना केली आणि ती सात दिवस छावणीबाहेर असेपर्यंत कोणीही मुक्काम हलवला नाही. कोरह २५० प्रतिष्ठितांना घेऊन उभा राहिला आणि सगळाच समाज पवित्र असताना तुम्ही दोघेच वर का, असा सवाल त्याने केला. त्या बंडाचा शेवट भीषण झाला. पण एकदा एल्दाद आणि मेदाद हे दोघे परवानगीशिवाय छावणीत संदेश सांगू लागले आणि यहोशवाने त्यांना रोखण्याची मागणी केली, तेव्हा सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरे होईल, अशी इच्छा मोशेने बोलून दाखवली. सलाफहाद नावाच्या गृहस्थाच्या पाच मुलींनी, बापाला मुलगा नाही म्हणून त्याचे नाव आणि वाटा का बुडावा, असे त्याच्यासमोर उभे राहून विचारले. त्यांचे म्हणणे रास्त ठरले आणि मुलगा नसल्यास मुलीला वारसा मिळावा असा नियम झाला.

अखेरच्या टप्प्यात ते पुन्हा कादेशला आले. तेथे मिर्याम मरण पावली आणि तेथेच पाणी संपले. जमाव पुन्हा तोच आरोप करीत उभा राहिला. खडकाशी बोल, म्हणजे पाणी येईल, अशी आज्ञा होती. बहिणीच्या मृत्यूने आणि अनेक वर्षांच्या कटकटीने शिणलेल्या मोशेने लोकांना बंडखोर म्हणून झिडकारले आणि काठीने खडकावर दोनदा प्रहार केला. पाणी भरपूर आले, माणसे आणि गुरे तृप्त झाली. पण त्या क्षणाचा दंड म्हणून त्याला आणि अहरोनला वचनभूमीत प्रवेश नाकारला गेला. शिक्षा अपराधाच्या मानाने फार कडक का, यावर ज्यू पंडितांनी शतकानुशतके चर्चा केली आहे. कोणी त्याच्या रागाकडे बोट दाखवतात, तर पाणी आम्ही काढतो असे भासवण्यात चूक झाली असे कोणी म्हणतात. नेत्याच्या वाट्याला येणारे माप सामान्य माणसाच्या मापाहून वेगळे असते, एवढे त्या चर्चेतून निश्चित होते.

अदोमच्या राजाने आपल्या मुलखातून वाट दिली नाही, म्हणून पुन्हा वळसा पडला. होर डोंगरावर अहरोन गेला. आपला शेवट जवळ आल्याचे कळल्यावर मोशेने स्वतःसाठी काही मागण्याआधी लोकांसाठी माणूस मागितला. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी त्यांची स्थिती होऊ नये, हीच त्याची काळजी होती. त्याला दोन मुलगे होते, पण वारस म्हणून निवड झाली ती यहोशवाची. सर्व समाजादेखत मोशेने त्याच्यावर हात ठेवले आणि आपला अधिकार त्याच्या हाती दिला. त्यानंतर त्याने पलीकडे जाण्याची विनंती केली, ती मान्य झाली नाही. मग मवाबच्या मैदानात त्याने नव्या पिढीला सारा प्रवास पुन्हा सांगितला, कारण इजिप्तमधील वेठ पाहिलेले डोळे आता फारसे उरले नव्हते.

नबो डोंगर आजच्या जॉर्डन देशात आहे. तेथून यार्देन नदीचे खोरे, यरीहो आणि पलीकडचा डोंगराळ प्रदेश नजरेत येतो. तेथे उभे राहून मोशेने तो देश डोळे भरून पाहिला. त्याचे वय १२० होते, दृष्टी मंद झालेली नव्हती आणि अंगातील बळही ओसरले नव्हते. तेथेच तो निवर्तला. लोकांनी तीस दिवस शोक केला आणि मग यहोशवाच्या मागे यार्देन ओलांडली. मोशेची कबर कोठे आहे हे कोणालाही ठाऊक नाही, असे ग्रंथ मुद्दाम सांगतो. वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत वाचल्या जाणाऱ्या हग्गादा या पोथीतही सुटकेची सगळी कथा असून मोशेचे नाव जवळजवळ येतच नाही. ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. मराठीतूनही ती कथा नेत्याला देव्हाऱ्यात न बसवता सांगितली गेली.

बेळगावच्या टिळकवाडीला ज्यांचे नाव आहे, त्या लोकमान्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच होमरूल लीगची स्थापना केली आणि १ ऑगस्ट १९२० रोजी, स्वराज्य दृष्टिपथात येण्यापूर्वीच, मुंबईत देह ठेवला. डिसेंबर १९२४ मध्ये याच परिसरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गंगाधरराव देशपांडे यांच्यावर व्यवस्थेचा भार होता आणि जमणाऱ्या हजारो माणसांची तहान भागावी म्हणून तेथे मुद्दाम विहीर खोदण्यात आली. ती विहीर काँग्रेस विहीर या नावाने आजही ओळखली जाते. मारा आणि मरीबा येथेही पहिला प्रश्न पाण्याचाच होता. माणसांना घेऊन निघालेल्याला ध्येयाच्या आधी त्यांच्या घागरीचा विचार करावा लागतो, वाट लांबली तरी मागे पडलेल्यांसाठी थांबावे लागते आणि आपल्यामागे येणाऱ्याच्या हाती काठी वेळेवर द्यावी लागते. मोशेने ही तिन्ही कामे केली. देश मात्र त्याने दुरूनच पाहिला.